उजव्या खांद्यामागे

ग्रिम्सबीच्या जुन्या गोदीमागे,
जिथे पूर्वी बर्फाचे ट्रक उभे राहायचे,
तिथे आता नारिंगी शंकू मांडलेत.
सकाळचे साडेआठ. वारा समुद्रावरून थेट कॉलरमध्ये.
टॅन्झी ब्लँचर्ड, वय एकोणीस,
परक्या घामाचा वास येणारं हेल्मेट घालते,
हनुवटीखालचा पट्टा लावताना तीनदा चुकते.

एकशे पासष्ट पाउंड.
तिचा हिशोब मात्र पाउंडांत नसतो,
हॅडॉकच्या क्रेटमध्ये असतो.
किती क्रेट सोलले, किती वेळा सुरी धुतली,
बोटं बधिर होऊन पुन्हा जागी व्हायला किती वेळ लागला,
ते सगळं एका पाकिटात घालून
तिनं सकाळी खिडकीतून आत सरकवलं.
आतल्या बाईनं न मोजता ठेवून घेतलं.
तेवढं एक तिला लागलं.

पाळी पहाटे चारला.
पहिली बस सहा वाजून पाचला.
मधले दोन तास पाच मिनिटं
कुणाच्याच वेळापत्रकात नाहीत.
आतापर्यंत शेजारचा लेनर्ड गाडीतून सोडायचा,
तो मुलीकडे राहायला गेला, गाडीसकट.

बाईक असेल तर नोकरी टिकेल.
बाईकसाठी कागद हवा.
कागदासाठी पैसे, आणि बिनपगारी एक अख्खा दिवस.
पैशांसाठी नोकरी.

बर्नार्ड म्हणतो, आता दोन शंकूंभोवती आठ काढ.
यांचा आठ म्हणजे दोन वेटोळी,
कुठूनही निघा, फिरून तिथंच.
आपला ८ बरा, एका अंगानं उघडा,
बाहेर पडायला जागा ठेवणारा.
पण हे इथे सांगायचं कुणाला?
टॅन्झी चौथ्या खेपेला पाय न टेकता पुरा करते
आणि हेल्मेटच्या आत एकटीच हसते.

जेवणानंतर रस्ता.
पुढेमागे लाल एल, कानात बर्नार्डचा आवाज:
डावीकडे. सावकाश. आता उजवीकडे.
ती आरसा बघते, दिवा लावते, वळते.
मान वळवत नाही.

आरशात न मावणाऱ्या जागेतून
एक पांढरी व्हॅन हॉर्न दाबत निघून जाते.

पुढच्या पेट्रोलपंपावर दोघं थांबतात.
'काही झालं तर नाही ना,' ती म्हणते.
'नाही झालं,' बर्नार्ड म्हणतो,
'म्हणून तर बोलता येतंय.'

त्याचा डावा गुडघा वाकत नाही.
का, ते तो शिकवत नाही.
फीमध्ये ते धरलेलं नाही.

तो पेनाला टोपण लावतो.
आज कागद नाही.
गुरुवारी ये. पुन्हा यायचे नव्वद,
कमी करणं माझ्या हातात नाही.
ती त्याला एक शिवी देते, नीट, पूर्ण वाक्यात.
तो मान डोलावतो,
थर्मासच्या झाकणात चहा ओतून तिच्यापुढे धरतो.
ती घेत नाही.
मग घेते.

चहा पिताना ती मनात नव्वदला क्रेटनं भागते.
बाकी उरते.
एवढं करून तो कागद दोनच वर्षं चालणार,
पुढे पुन्हा हेच, किंवा मोठी परीक्षा,
तिचा आकडा तिनं अजून विचारलेलाच नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तीन.
टॅन्झी पायीच निघालीय,
डबा काखेत, टोपी कानांवर.
बंद मासळीचं दुकान आलं की उजवीकडे वळायचं.
वळण्याआधी
तिची मान आपोआप फिरते,
उजव्या खांद्यावरून, मागे.

रस्ता रिकामा.
एक सीगल चिप्सचा कागद फाडतोय, बस.
कारखान्यापर्यंत अशी अकरा वळणं.
ती प्रत्येक वळणावर बघते,
चिडून बघते,
पण बघते.