चाकं जमिनीवर असताना

एलेउतेरियो ओयार्सो म्हणतो,
"आवाज मी एकटा असलो की येतो,"
आणि टोपी काढतो,
जसा काही शर्टही काढावा लागणार आहे.

कुठून येतो? पुढून.
डावीकडून की उजवीकडून? पुढून.
मोठ्या खड्ड्यात?
नाही, मोठा खड्डा ती मुकाट गिळते.
बारीक खडीवर, हळू चालवताना,
सकाळी बेकरीच्या उताराला
ठक्.
मग जरा थांबून ठक् ठक्,
भिडस्त माणूस दाराशी यावा तसं.

कोयाइकेबाहेर डांबर संपतं तिथे माझं गॅरेज.
पलीकडे खडी, आणि वारा,
जो दिवसातून एकदा तरी पत्रा उचलून आत बघतो.
इथल्या गाड्या लवकर बोलायला लागतात.
बापाने मला पाना धरायला नंतर शिकवलं,
आधी गप्प बसायला.

पुएर्तो आयसेनच्या कोणीतरी
त्याचे दोन्ही शॉकअप्सर बदलून दिले होते.
नवेकोरे, निळे.
चोर सोडून संन्याशाला सुळी.
ठक् होती तिथेच.

म्हटलं, चल, एक फेरी मारू.
मी शेजारी बसले.
उतार आला, खडी आली, लाकडी पूल आला.
गाडी शहाण्या पोरीसारखी गप्प.
त्याचा चेहरा उतरला. "बघ. म्हटलं नव्हतं?
कोणी बसलं की नाही येत.
गेल्या मार्चपर्यंत कधीच नव्हता आला."

मार्चमध्ये आम्ही सगळेच गेलो होतो
ओर्तेन्सियाला माती द्यायला.
सीटच्या फटीत तिची विणकामाची एक सुई
अजून अडकलेली होती,
पूलभर माझ्या मांडीला टोचत राहिली.
मी ती काढली नाही.

माझं वजन सत्त्याऐंशी किलो.
तेवढं एका अंगाला पडलं की बारला पीळ बसतो,
ढिला सांधा दाबून गप्प होतो.
हे यंत्रशास्त्र आहे.
मी त्याला तेवढंच सांगितलं.

जॅक लावला. चाक वरखाली धरून हलवलं,
मग आडवं धरून.
बॉल जॉइंट घट्ट.
पहारीने बुश उचकून पाहिला,
रबराला सुरकुत्या होत्या, चीर नव्हती.
स्प्रिंगवर तळवा ठेवला,
त्याला स्टिअरिंग फिरवायला लावलं.
काही नाही.
हवेत लोंबणारं चाक कशाला तक्रार करेल?

तेव्हा गाडी खाली घेतली.
सगळा भार तिच्या तिच्या पायांवर.
मी खड्ड्यात उतरले, बॅटरी दातांत.
वरून तो बॉनेटवर जोर देऊन सोडत होता,
देऊन सोडत होता,
त्याचे झिजलेले बूट माझ्या कपाळाच्या उंचीवर.
एकेक सांधा दोन बोटांत धरत गेले.
डावीकडची स्टॅबिलायझर लिंक,
जेमतेम करंगळीएवढी जाड.
कानाला नाही, आधी बोटाला लागलं
टक्.
भाताच्या घासात खडा लागतो तसं.

"सापडला," मी खालून ओरडले.
बूट थांबले.
बराच वेळ तिथेच होते.

लिंक बाराएक मिनिटांत बसली.
नट गंजलेला, त्याने अंगठ्याची साल घेतली.
बिलात मजुरी अर्धी लिहिली,
त्याने ती खोडून पूर्ण केली.
जुनी लिंक भंगाराच्या डब्यात टाकणार,
तर म्हणाला, दे.
फडक्याने पुसली,
शेजारच्या सीटवर ठेवली.

मी फाटकात उभी राहून कान दिला.
खडी वाजत होती. पत्रा वाजत होता.
गाडी नाही.
उताराच्या तोंडाशी ब्रेकचे दिवे लागले
आणि उगाच लागून राहिले,
पुढे ना मेंढरं, ना ट्रक.
मग विझले.

आत दुसरी गाडी उभी होती.
तिची तक्रार : सरळ सोडली तरी उजवीकडे ओढते.