उलटा हात

नवा लॅपटॉप घेतला तेव्हा सेलूत त्रेचाळीस होतं.
नुसते अर्ज भरताना तो कोमट,
झाकून ठेवलेल्या वरणाएवढा.
पण जिंतूरच्या लग्नाचा व्हिडिओ जोडायला बसले
की पंखा घरघरतो,
आकडा नव्वदीला टेकतो,
मांडीवरून खाली ठेवावाच लागतो.

दोन वाट्या उपड्या घातल्या बुडाशी.
कूलरसमोर नेला, तर दुकानदार म्हणाला, ओल धरेल.
शेवटी शेजारच्या खय्यूमचाचांना हाक मारली.
तीस वर्षं जळक्या मोटारी भरतात ते,
वार्निशचा वास अजून बोटांना.

त्यांनी आकड्याकडे पाहिलंच नाही.
उलटा हात टेकवला खालून,
लेकराचा ताप बघतात तसा,
मग उचलून हुंगला.
"वास नाही. जळायलं नाही हे,
काम करायलंय."

चहा न घेताच गेले.

पडद्यावर वऱ्हाड अजून मांडवात शिरत होतं,
बत्तीस टक्के.
रात्रीचे अडीच, भिंतीसुद्धा गरम.
मी तळवे ओढणीला पुसले,
आणि कुणी बघत नव्हतं तेव्हा
उलटा हात
स्वतःच्या कपाळावर ठेवला.