एक मीटर

जुन्या बाजारात, रविवारी,
गनीभाईच्या ताडपत्रीवर पडला होता,
इस्त्रीची तुटकी मूठ आणि कुणाची तरी कवळी यांच्या मधे:
रशियन रेंजफाइंडर, पोटात वाळू.
"मेलाय. साडेचारशे."
मेलाय तर साडेचारशे कसले?
"काच जिंदा है, साहब."

डोळा लावला.
समोरचा नळ मला दोनदा दिसला,
एक पांढरा, एक पिवळट,
मधे बोटभर भांडण.

फिल्मची जागा खरवडून काढली,
भाचीच्या फुटक्या कॅमेऱ्यातला सेन्सर बसवला, नखाएवढा.
तापकीर गल्लीतून दोन वायरी, मोबाइलची जुनी बॅटरी,
आणि बाकी सगळं धरून ठेवायला
भोसरीच्या टूलरूममध्ये एकतीस वर्षं घासलेला हात.
सेन्सर अर्धा मिलिमीटर खोल गेला
तेव्हा वीजबिल कापून त्याच्या चकत्या केल्या.
महावितरणचा कागद पहिल्यांदाच
हिशेबात बसला.

अनंत शोधायला गच्चीवर गेलो.
कर्वेनगरच्या टाक्यांवरून सिंहगडाचा मनोरा धरला,
स्क्रू पाव फेरा, अजून जरा,
दोन मनोरे एक झाले.
लांबचं लवकर जुळतं.

जवळचं राहिलं.
टेप घेऊन शालनला म्हटलं, बस इथे,
नाकापासून बरोबर एक मीटर.
ती मटार सोलत होती, सोलतच बसली.
"हलू नकोस."
"मी कुठे हलतेय? तुमचाच हात कापतोय."

चौकटीत दोन शालन.
एक चष्म्यातून माझ्याकडे बघणारी,
दुसरी किंचित उजवीकडे, पिवळट,
व्हीआरएसचा कागद घेऊन मी घरी आलो त्या संध्याकाळी
काही न बोलता चहा ठेवणारी.
लिव्हर वाकवत गेलो. केसभर. परत उलटा.
किती वर्षांत मी इतका वेळ
तिच्याकडे नुसता बघत बसलो नव्हतो.
आणि आज, तेही एका डोळ्याने.

"झालं का? कुकर लावायचाय."

बटण दाबलं. आधी काहीच नाही,
मग पडद्यावर हळूहळू:
मटारची शेंग धारदार,
टेपवरचा अठ्ठ्याण्णवचा आकडा धारदार,
शालन जराशी मागे, मऊ.

दोन सेंटिमीटर.
वहीत लिहून ठेवलं.

ती बघायला आली, बोटांना सालांचा वास.
पडदा बराच वेळ हातात धरला,
मग कॅमेरा उलटा करून
आतल्या चकतीवरचे अर्धे आकडे वाचत म्हणाली,
"हे बिल भरलं होतंत ना, कापण्याआधी?"