निव्वळ वजन

आधी चार मिनिटांची होती.
तिच्यात अख्खं दोंडाईचा होतं, मिरचीचा हंगाम,
शिंकणारे हमाल, शहाद्याचा रस्ता, एक आंधळी शेळी,
आणि मी, सात वर्षांची, वजनकाट्यावर.

भामरे सरांनी पेन्सिलीचं मागचं टोक
शेळीवर ठेवलं. मग हमालांवर. मग रस्त्यावर.
"सेकंदाला बारा चित्रं," म्हणाले,
"आणि जमा करायचं एप्रिलात. आता सांग, काय राहतं?"

राहिलं ते एवढंच:
अण्णांचा काटा चाळीस टनी. ट्रक चढला
की केबिनमध्ये लाल आकडे धावत सुटत, मग थांबत.
मी चढले. शून्य.
उड्या मारल्या. शून्य.
फ्रॉकच्या खिशात खडी भरली. एका क्लीनरला हसू आवरेना.
वीस किलोंच्या आतलं त्या काट्याला कळतच नसे,
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
मग सुलूताई येते, शेजारी उभी राहते,
आकडा हलतो. संपली.

स्टोरीबोर्डचे बावीस चौकोन झाले,
शेवटचा तर रंगवूनही.
ताईला फोन केला, तिचा तेव्हाचा फ्रॉक कुठला होता म्हणून.
"मी कुठे होते गं? मला गोवर आलेला,
मी शिंदखेड्याला मामांकडे.
तुझ्याबरोबर अण्णा उभे राहिले होते."

त्या रात्री बाविसाव्या चौकोनातली ताई खोडली.
वेणी सगळ्यात शेवटी गेली.
तिथं अण्णांची रेघ ओढली
आणि बाकीचं आपोआप यायला लागलं:
त्याच क्लीनरला त्यांनी खुर्चीत बसवलं, आकडा वाचायला.
आम्ही दोघं, ऐंशी.
मला उतरवलं. ते एकटे, साठ.
मग पावती छापली, गाड्यांची छापतात तशी,
भरलेली, रिकामी, निव्वळ वीस,
आणि वाहन क्रमांकाच्या जागी
माझं नाव, आडनावासकट.

शाळेच्या वहीत मी अठरा किलोंची होते.
वरचे दोन किलो कसे काढायचे
ते मला अजून जमलेलं नाही.

देवपूरच्या खोलीत पंखा बंद, कागद उडतात.
खाली बल्ब, वर फोटोफ्रेमची काच,
फोटो कोणाचा होता ते घरमालकिणीला विचारलं नाही.
दोनशे चाळीस नंबरवर घाम पडला,
तिथं अण्णांचा सदरा एक क्षण ढगाळ होतो.
राहू दिला.
वजन काढता येत नाही, पहिल्याच वर्षी शिकवतात,
वेळ काढता येतो.
जड वस्तू उशिरा निघते. उशिरा थांबते.
मी हे चेंडूवर पाठ केलंय, गोणीवर, हत्तीवरसुद्धा.

रविवारी घरी गेले. कच्चंच दाखवलं, मोबाइलवर,
रंग नाही, आवाज नाही, पन्नास सेकंद.
अण्णांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं.
पुन्हा पाहिलं.
पावतीबद्दल काही नाही. स्वतःबद्दल काही नाही,
नाही म्हणायला, पँट आखूड काढलीय एवढं.
मग म्हणाले,
"तुना ट्रक रिकामा शे."

"भरेल शे, अण्णा. मिरची शे."

"भरेल गाडी अशी थांबस नही.
आधी पुढे वाकस, मंग मांगे येस, मंग बठस."
आणि ताट बाजूला सारून
तळहात टेबलावरून सरकवत आणला,
थांबवला,
किंचित मागे घेतला,
टेकवला.

मी मनात मोजलं. अर्धा सेकंद. सहा चित्रं.
बोटं कुठे उचलली गेली ते मात्र निसटलं.

"अण्णा, परत एकदा."

त्यांनी टेबलाच्या पार त्या टोकापासून
परत एकदा ट्रक आणला.