वजा जाता

कायानीच्या इस्पितळात, तळघरात,
मी चादरी धुते. सव्वीस वर्षं झाली.
माझा पगार करातून येतो
आणि पगारातून पुन्हा कर जातो.
"म्हणजे रायली, तू आपलीच शेपटी खातेस,"
माझा भाऊ ताइस्तो म्हणतो
आणि सौनाच्या वरच्या पायरीवर बसून हसतो.

ताइस्तोचे ओंडके वाहणारे दोन ट्रक आहेत.
तीन होते.
तिसरा विकला त्या हिवाळ्यात
त्यानं टेबलावर कागद पसरले
आणि एकेका आकड्यावर बोट ठेवत गेला,
आमचा बाप बर्फातले ठसे दाखवायचा तसा:
इथून कोल्हा गेला. इथून गेला.
हे बघ, इथूनही गेला.

आणि बदल्यात काय?
गावचा दवाखाना बंद.
शाळेत अकरा पोरं, तीही पुढल्या वर्षी बसमध्ये.
"माझा गुडघा सात महिने रांगेत उभा आहे," तो म्हणतो,
"गुडघाच. मला कुठं उभं राहता येतंय?"

मी काय बोलणार.
सगळं खरंच आहे.
मी तापल्या दगडांवर पाणी ओतते.
वाफ असते तेवढा वेळ कुणी बोलत नाही.

फेब्रुवारीत, उणे एकतीसमध्ये, त्याची छाती आवळली.
पुढे बर्फ काढणारी गाडी, मागे अँब्युलन्स,
पोचायला पंचेचाळीस मिनिटं.
ती मिनिटं तो अजून मोजतो.
मीही मोजते, पण त्याला सांगत नाही.

पाच दिवस तो चौथ्या मजल्यावर,
मी तळघरात.
चादरी खाली येत राहिल्या, ढिगांनी,
त्यातली त्याची कुठली, ते कळायला मार्ग नाही.
रक्त, आयोडीन, बाळंतिणीचं दूध, म्हाताऱ्यांचा घाम,
यंत्रात सगळ्यांना पाणी एकच.
त्या पाच दिवसांत मात्र
प्रत्येक घडी मी कोपऱ्याला कोपरा जुळवून घातली.
उगाच.

रात्रपाळीला वेन्ला नावाची नर्स होती,
आमच्याच गावची, त्याच शाळेतली.
सुई टोचता टोचता त्याला म्हणाली,
"वाटाण्याचं सूप खाताना
मी खिडकीतून तुमच्या ट्रकला हात करायचे.
तुम्ही भोंगा वाजवायचात."
त्याला आठवेना.
मग म्हणाला, आठवतंय.

बिल आलं: ट्रकच्या अर्ध्या टायरइतकं.
ते त्यानं न बोलता भरलं.
दुसरं पार्किंगचं, गाडी माझी होती,
त्यावर मात्र पंधरा मिनिटं शिव्या.

नोव्हेंबरात पुन्हा तेच टेबल, तेच कागद,
आकडे काही कमी झालेले नाहीत.
इथून गेला, इथून गेला,
आणि एका ओळीवर बोट थांबलं.
"हे वेन्लाचं धरू," तो म्हणाला.
"बाकी सगळी चोरी."

मी कॉफी ओतली.
आकडा मोठा होता की लहान,
चष्मा नव्हता, मला दिसला नाही.