हवालदार

चैत्र निम्मा उलटला होता.
दादर खळ्यावर, हरभरा घरात,
बुराईच्या पात्रात पाण्यापेक्षा गोटे जास्त.
कायदा यायचा होता अजून,
आणि शिंदखेड्यापलीकडच्या माळावर
काळवीटांचा माज सरत आला होता.

मी अकरा वर्षांचा.
माझ्याकडे मीठ, आगपेटी आणि गप्प बसणं.

सुपडू पारध्याच्या दोरीला हवालदार चालायचा.
पाडस असताना धरलेला, शेळीच्या दुधावर वाढवलेला,
पाठ काळी पडू लागली तेव्हा
सुपडूच्या बायकोने नाव ठेवलं:
मिशी नाही, पण रुबाब तोच.
शिंगांना तातीचे फास, सात,
पिळून पिळून केसासारखे केलेले.

भर माजात सोपं असतं, सुपडू म्हणाला.
डोळ्यांत रक्त, समोर शिंगं दिसली की येतोच.
शेवटाला मात्र बघावं लागतं
कोण अजून उभा आहे.

एक होता.
हिवराच्या खुंटाजवळ, स्वतःच्याच लेंड्यांच्या ढिगावर.
कळप केव्हाच तापीकडे उतरलेला,
माद्यांना चारा कळतो.
आणि हा शिंगं पाठीला लावून
रिकाम्या माळाला फेऱ्या घालत होता,
वरात परत गेलेल्या गावात
एकट्याने डफ बडवावा तसा.

दोरी सुटली.
हवालदार चार पावलं गेला, धूळ हुंगली.
तो आला. पळत नाही,
रात्रभर जागलेला जागल्या
शेवटची आरोळी द्यायला येतो, तसा चालत.
कपाळाला कपाळ लागलं.
आवाज एवढासाच, दोन टिपऱ्यांचा.
मग शिंगं अडकली आणि दोघंही थांबले,
टेकायला काही मिळाल्यासारखे.

सुपडू पळाला. मी पळालो. मीठ सांडलं.

त्याने मान गुडघ्याखाली धरली,
बरगड्यांवरून हात फिरवला.
"कितला दिनना उपाशी शे," म्हणाला,
"देख, याना आंगवर काहीच नही.
नुसता नवरदेव शे हाऊ."

मला वाटलं, सोडेल.
सोडलं नाही.
सुरी लावण्याआधी त्याच्या कानात काहीतरी बोलला,
ते काय, हे विचारायचं मला कधी झालं नाही.

मटण अळणी निघालं, आणि उग्र,
म्हाताऱ्या बोकडाच्या दाढीसारखं.
खाल्लं. खोटं का बोलू.

पण ते रात्री.
त्याआधी, तिथेच माळावर,
सुपडूने हवालदाराच्या शिंगांतले फास सोडवले
आणि शीळ घातली. नेहमीची, दोन तुटक.
हवालदार आला नाही.

त्याने त्या ढिगाचा वास घेतला.
पुढच्या खुराने उकरलं.
हिवराच्या काटकीला डोळ्याखालचा कोपरा घासला,
अगदी हळू,
परक्या दाराची कडी चाचपावी तसा.
मग मान मागे टाकली.
शिंगं पाठीला लागली.
कोणी शिकवलं नव्हतं त्याला.
शेळीने तर नाहीच.

सुपडू ओंजळीत हरभरा घेऊन बसला.
"ये रे हवालदार. ये रे बाप्पा."
ऊन उतरलं. माळ तांबडा झाला, मग राखी.
नजर पोचेपर्यंत एक मादी नव्हती,
आणि तो राखण करत फिरत होता,
मधूनच घशात घुर्र करत,
ऐकायला फक्त आम्ही दोघं
आणि सुपडूच्या पायाशी पडलेला तो.

अंधारात दिसेनासा झाला तेव्हा
सुपडूने हरभरा ढिगाशेजारी ओतला.
मेलेला खांद्यावर घेतला.
"हलका शे," म्हणाला.

दोरी माझ्या हातात दिली.
मी ती वस्तीपर्यंत
ओढतच आणली.