सतरा नंबरचा कप्पा

पावणेआठला मी खोका घेऊन दारात उभी राहते.
सुतारकामाच्या मास्तरांनी केलेला, बत्तीस कप्प्यांचा,
आत हिरवी बनात,
जणू चांदीचे चमचे ठेवायचेत.
पोरं फोन देतात
दाढ उपटून दिल्यासारखे.

इगोर जुना, मेलेला फोन देतो
आणि खरा मोज्यात लपवतो.
खिशातून आलेला फोन कोमट असतो,
इगोरचा गार.
मी काही बोलत नाही, हात पुढेच धरते.
एकवीस वर्षं या शाळेची फरशी पुसतेय,
सगळ्यांचे मोजे मला पाठ आहेत.

पहिल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत
हातांचं काय करावं ते कुणाला सुचेना.
भिंतीला टेकून उभे, अंगठे हवेत वळवळत.
दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी टेबल टेनिसचं टेबल उघडलं.
तिसऱ्यात खिडकी फुटली.
मला वाटलं होतं, माझं काम कमी होईल.
आता पावाचे तुकडे पार जिन्यापर्यंत,
भिंतीवर चेंडूचे ठसे,
आणि मुलींच्या संडासात कुणाचं तरी रडणं,
जे आधी टाइप होत असे.

ऑक्टोबरात, गणिताच्या तासाला, खोका ओरडला.
वाजला नाही, ओरडला.
माझ्या कपाटात, साबणाच्या बाटल्यांमागे, भोंगा.
सतरा नंबर. सोलोमिया.
तडकलेली काच, पाठीवर मांजराचं स्टिकर,
पडद्यावर खारकीव,
जिथे तिचे वडील ट्रॉलीबस चालवतात.
फोनचा आवाज बंद होता.
हा भोंगा असल्या गोष्टींना जुमानत नाही.

तो हातात घेऊन मी वर धावले.
सगळा वर्ग माना वळवून माझ्याकडे बघत होता.
ती बाकाखाली होती.
घाबरून नाही, सवयीनं,
शिंक आली की आपण तोंडावर हात धरतो तशी.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, हिला सूट देऊ.
मग म्हणाल्या, एकीला दिली
की एकतीस कारणं रांगेत उभी राहतील.
दोन्ही खरं होतं.
त्या चष्मा पुसत राहिल्या.

सोलोमिया माझ्या बादलीशेजारी उभी.
तोडक्या पोलिशमध्ये म्हणाली,
मला तो ऐकायचा नाहीये.
फक्त कुणीतरी ऐकत असायला हवं.

हे वाक्य मी घरी नेलं.
बटाटे सोलताना साल जरा जाडच निघालं.

दुसऱ्या दिवशी इगोरनं माझ्या फोनवर ते ॲप घालून दिलं,
लेकीनं दिलेल्या फोनवर, ज्यात मी नुसतं हवामान बघते.
पंधरा सेकंदांचं काम त्यानं पाच मिनिटं पुरवलं.
मी पुरवू दिलं.

आता तो माझ्या ॲप्रनच्या खिशात असतो.
मी कधी न पाहिलेलं शहर
माझ्या मांडीवर थरथरतं
आणि मी जिना पुसत राहते, पायरी पायरीनं:
आता त्यांनी बस कडेला घेतली असेल,
आता दारं उघडली असतील,
सगळे उतरले असतील,
एक म्हातारा उतरायला तयार नसेल.
असतोच एक.

धोका टळला की मी हिरवी बादली घेऊन
सातवी ब च्या दारावरून जाते.
एवढंच ठरलंय आमचं.
ती काचेतून बघते
आणि पुन्हा अपूर्णांकांत मान घालते.

काल तास संपला, सुट्टी झाली,
माझ्या हातात अजून लाल बादली.
टेबलाभोवती हा गोंधळ!
त्यात सोलोमियाही, पहिल्यांदाच,
बॅट उलटी धरलेली, गाल तापलेले.
तिची सर्व्हिस जाळीतच अडकते.
ती हसते, पुन्हा मारते.
तिनं वळून बघू नये म्हणून
मी खांबामागची तेवढीच फरशी पुसत राहिले.

इगोर चेंडू उचलायला आला,
म्हणाला, इथं पुसून झालंय की.

मी म्हटलं, तू खेळ.